आधीच वाटलेले पेढे

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी नानांनी अख्ख्या फुलबाजारात पेढे वाटले. नाना म्हणजे माझे वडील. नाशिकला मखमलाबादच्या अंगाला आमचा मळा होता. झेंडू, शेवंती, निशिगंध, आणि पाटाच्या कडेने मेथी-कोथिंबीर. पंचवटीत नदीकाठच्या बाजारात नानांची बसायची जागा ठरलेली होती. तिथल्या प्रत्येक फुलवाल्याला, नारळवाल्याला, समोरच्या चहावाल्याला, रोजच्या गिऱ्हाइकांना त्या दिवशी पेढा मिळाला. पास झाल्याचा पेढा असता तर काही बिघडलं नसतं. पण नाना सांगत होते, "पोरगी डॉक्टर झाली."

मी टोपल्यांच्या मागे बसले होते. हळूच म्हटलं, "नाना, अजून कुठं?"

"अगं, झाल्यातच जमा हाय. एवढे मार्क आपल्या भावकीत कोणाला पडलेत?"

भावकीत कोणाला पडले नव्हते हे खरंच होतं. पण त्या काळी मेडिकलचे प्रवेश बारावीच्या मार्कांवर व्हायचे आणि माझ्याएवढे मार्क भावकीबाहेर पुष्कळांना पडले होते. कॉलेजात आमच्या केमिस्ट्रीच्या बाईंनी माझी मार्कशीट दोनदा वाचली आणि चष्मा काढून म्हणाल्या, "मागच्या वर्षीच्या हिशोबानं तू अगदी काठावर आहेस. फॉर्म भर. पण बीएस्सीलाही नाव घालून ठेव."

हे मी घरी सांगितलं तेव्हा नाना जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. "दुसरीकडं नाव घातलं म्हणजे आपणच म्हटल्यासारखं झालं, की आम्हाला भरवसा नाय म्हणून. नको. एकच फॉर्म भर, आणि नीट भर."

मी एकच भरला. खरं सांगायचं तर मलाही ते ऐकायला बरं वाटलं होतं.

फॉर्म गेला आणि वाट बघणं सुरू झालं. आमच्याकडे फोन नव्हता. मळ्याच्या बांधापलीकडे नव्या वसाहतीतले बंगले सुरू व्हायचे. त्यातल्या पहिल्याच बंगल्यात बँकेत नोकरी करणाऱ्या एक काकू राहत. नाना त्यांना सणासुदीला फुलं देत, आणि त्यांचा नंबर आम्ही आमचा म्हणून सगळीकडे देत असू. काकूंचे भाऊ मुंबईला होते. यादी लागली की ते बोर्डावर बघून येणार आणि काकूंना कळवणार, असं ठरलं होतं. काकूंच्या घरातला फोन वाजला की आमच्या ओट्यावर स्पष्ट ऐकू यायचा. मी हातातलं काम टाकून कुंपणाशी जायची. काकू खिडकीत यायच्या, मान हलवायच्या, "तुमचा नव्हता हं." सुरुवातीला त्या हे हसून म्हणत. पुढे पुढे फोन वाजला तरी मी जागची हलत नसे. मग काकूच बिचाऱ्या बाहेर येऊन सांगायच्या, "अगं, आमच्या नणंदेचा होता." माझी वाट बघणं त्यांच्या घरात जाऊन बसलं होतं, आणि त्याचीच मला लाज वाटायची.

बाजारात जाणं मी कमी केलं. तिथे माझं नाव आता डॉक्टर झालं होतं. मी टोपली घेऊन आले की नारळवाले मामा ओरडायचे, "सरका रे, डॉक्टर आले!" कोणी तळहातावरचे फोड दाखवायचं, कोणी पोराची जीभ. एकदा हार घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला थांबवून, रात्री धाप लागते ती कशानं, असं विचारलं. मी म्हटलं, "आजी, मी अजून शिकले नाही." त्या म्हणाल्या, "मग शिकशील तेव्हा सांग," आणि शांतपणे निघून गेल्या. त्यांना माझी थट्टा करायची नव्हती, त्यामुळे मला ते जास्तच लागलं.

नानांची बहीण देवळ्याला दिली होती. कांदा बाजारात आणला की आत्या दोन दिवस आमच्याकडे यायची. त्या खेपेला आली ती पायरीवर पिशवी ठेवण्याआधीच लुगडं वर करून बसली. "मना गुडघा लई दुखस व माय," ती सासरच्या बोलीत म्हणाली. "जरा दाबून बघ ना."

"आत्या, मला काय कळतं त्यातलं?"

"दाब तर खरी. तुझ्या हाताचा गुण येईल."

मी दाबला. आई दारात उभी राहून हसू दाबत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं जाहीर केलं की गुडघ्याचं दुखणं पळालं. नानांनी ते बाजारात नेलं. दुपारपर्यंत दोन जणांचे गुडघे माझ्याकडे पाठवायचं ठरलं होतं, ते आईनं मोडून काढलं. त्या रात्री ती मला म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नको. त्यांना हौस हाय." मग म्हणाली, "पण होईल ना गं?"

तोवर आई कधी असं बोलली नव्हती. मी म्हटलं, होईल.

पहिली यादी लागली तेव्हा काकूंनी मला घरात बोलावलं. रिसीव्हर त्यांच्याच हातात होता. तिकडून भाऊ सांगत होते आणि काकू ऐकलेलं मोठ्यानं म्हणत होत्या. "नाही का? ... बरं. ... हां, प्रतीक्षायादीत आहे? ... बरीच वर? बरं बरं." त्यांनी फोन ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "यादीत नाहीये बाळा. पण प्रतीक्षायादीत चांगली वर आहेस. दुसरी फेरी मुंबईला आहे. तिथं समोर बसवून उरलेल्या जागा देतात. जाऊन ये."

नाना बाहेर कुंपणाशी चप्पल हातात घेऊन उभे होते. सगळ्यातलं त्यांना 'वर' एवढंच ऐकू आलं. मी समजावून सांगितलं, पण दुसऱ्या दिवशी बाजारात बातमी पोचली ती अशी : नंबर लागला, आता फक्त कॉलेज कुठलं घ्यायचं ते ठरायचंय.

मुंबईला आम्ही दोघंच गेलो. पहाटेची एसटी. नानांनी धुवट पायजमा-शर्ट घातला होता, टोपीला आईनं इस्त्री केली होती. माझ्या मांडीवर सर्टिफिकिटांची फाईल होती आणि त्यांच्या मांडीवर एक कापडी पिशवी. कसारा घाट उतरताना मला निशिगंधाचा वास आला. मला वाटलं, नानांच्या कपड्यांना येतोय, तो नेहमीच यायचा.

"पिशवीत काय आहे नाना?"

"डबा."

ती फेरी एका मोठ्या कॉलेजच्या हॉलमध्ये होती. खुर्च्यांच्या लांबच लांब रांगा, त्यांवर आईबापांसह मुलं. समोर व्यासपीठावर टेबलं, आणि त्यांच्या मागे मोठा फळा. फळ्यावर कॉलेजांची नावं एकाखाली एक लिहिली होती, पुढे प्रवर्गांचे रकाने, आणि प्रत्येक रकान्यात किती जागा उरल्या त्याचा आकडा. माइकवरून मेरिट नंबर पुकारला जायचा, ते मूल वर जायचं, कागद दाखवायचं, कॉलेज सांगायचं. मग एक माणूस डस्टरनं आकडा पुसून त्याजागी एकानं कमी आकडा लिहायचा. बाकी काही नाही. दिवसभर आम्ही त्या माणसाच्या हाताकडे बघत होतो.

आमच्या शेजारच्या खुर्च्यांवर एक मुलगी आणि तिची आई बसल्या होत्या. लांबून, लातूरकडून आल्या होत्या. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. मुलगी माझ्याच वयाची, तेल लावून दोन वेण्या घातलेली, सारखी बोटं मोडत होती. तिचा नंबर माझ्या जरा आधी होता. नानांनी दहा मिनिटांत त्यांची सगळी चौकशी केली आणि आमची सगळी सांगितली. फुलांचा मळा, बाजार, आत्याचा गुडघासुद्धा. नर्सबाई हसल्या, म्हणाल्या, "मग तर हाताला यश आहे." मी फाईल उघडून त्यात काहीतरी शोधल्यासारखं केलं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मागे वळून नानांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्यांच्या बघण्यात वाईट काही नव्हतं. पण माझे कान तापले.

दुपारपर्यंत फळ्यावरच्या आमच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी शून्य आलं होतं. नानांना फळा नीट दिसत नव्हता. ते दर वेळी विचारत, "आता किती ऱ्हायल्या?" मी सांगायची. सुरुवातीला पूर्ण वाक्यात, मग नुसता आकडा, मग बोटांनी. शेवटी एकाच कॉलेजपुढे एक जागा उरली. ते कॉलेज इतकं लांब होतं की तिथे जायला कुठली गाडी लागते हेही मला माहीत नव्हतं.

माइकवरून नंबर आला. शेजारची मुलगी उठली.

तिची ओढणी खुर्चीच्या खिळ्यात अडकली होती. मीच ती सोडवून दिली. ती वर गेली, कागद दाखवले, काहीतरी बोलली. माणसानं आकडा पुसला. शून्य लिहायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला असं मला वाटलं. माइकवरून सांगण्यात आलं की या प्रवर्गातल्या जागा संपल्या आहेत, बाकीच्या उमेदवारांनी थांबू नये.

खुर्च्या सरकल्याचे आवाज सुरू झाले. नाना अजून वाट बघत बसले होते. "आता आपला ना?" त्यांनी विचारलं.

"नाही नाना. संपल्या."

"म्हंजे?"

"जागा संपल्या. घरी जायचं."

मुलगी खाली आली आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडायला लागली. नर्सबाईही रडत होत्या. लोक त्यांच्याकडे आणि आमच्याकडे बघत होते, कारण आम्ही अगदी शेजारी होतो आणि कोणाला काय मिळालं ते आमच्या तोंडावरून कुणालाही कळलं असतं. मला फक्त दारापर्यंत पोचायचं होतं. तेवढ्यात नानांनी मांडीवरची पिशवी उघडली, ओलं फडकं बाजूला केलं, केळीचं पान सोडलं आणि हार बाहेर काढला. निशिगंधाचा, मधेमधे लाल गुलाब, खाली जाड गोंडा. आईनं आदल्या संध्याकाळी ओवला असणार, मला न दाखवता. असा हार आम्ही लग्नाच्या ऑर्डरीला करायचो.

"बाई," नाना नर्सबाईंना म्हणाले, "हा नाशिकचा हार हाय. पोरीसाठी आणला होता. आता तुमच्या पोरीला घाला."

नर्सबाईंनी हात मागे घेतले. "अहो नको. तुमच्या मुलीचा आहे तो."

"घ्या हो. परत न्यायचा म्हंजे सुकणार. ताजा हाय तोवर घाला."

त्यांनी घेतला. काय करावं ते न सुचून त्यांनी तो खरंच मुलीच्या गळ्यात घातला. हॉलमध्ये कोणीतरी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी हसलं. ती मुलगी हार घालून उभी राहिली, तशीच खाली वाकली आणि नानांच्या पाया पडली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मला तिचा राग आलेला नव्हता. पण तिच्या नजरेला नजर देणं मला जमेना. मी फळ्यावरचं शून्य बघत राहिले. नानांच्या टोपीची, त्या हाराची, माझ्या मार्कांची, आईनं रात्री एकटीनं बसून ओवलेल्या फुलांची, सगळ्याची एकदमच लाज वाटत होती. नक्की कशाची जास्त, ते तेव्हा कळलं नाही.

परतीची एसटी इगतपुरीला थांबली तेव्हा नाना उतरून दोन वडापाव घेऊन आले. माझ्या हातात एक देत म्हणाले, "पोरगी चांगली होती."

"हार का दिलात?" मी विचारलं.

त्यांना प्रश्नच कळला नाही. "मग काय करायला पायजे होतं? फेकून द्यायचा?"

घरी आईनं शिरा करून ठेवला होता. आमची तोंडं बघून तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि भाकरी टाकायला बसली. काकू चौकशीला आल्या, तेव्हा आईनं त्यांना दारातच सांगितलं, "तिचं डोकं दुखतंय." त्यानंतर बरेच दिवस माझं डोकं दुखत राहिलं. विहिरीकडे जाताना मी शेवंतीच्या वाफ्यांतून मागच्या बाजूनं जायची, म्हणजे काकूंच्या खिडकीसमोरून जावं लागत नसे. मैत्रिणी आल्या तर आई त्यांना ओट्यावरून परत पाठवायची. बाजाराचं तर नावच नको. नाना रोज जात होते, आणि तिथे ते काय सांगत असतील हे मी विचारलं नाही. मला वाटायचं, ते अजूनही काहीतरी मोठंच सांगत असणार : तिसरी फेरी आहे, किंवा पुण्याहून बोलावणं येणार आहे. मी वाफ्यात खुरपत असताना त्यांची सायकल बाहेर पडायची, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत मी मान वर करत नसे.

गणपती आले तेव्हा मात्र हात कमी पडायला लागले. आई म्हणाली, "आज तुला यावं लागंल. मी एकटी इकडं ओवू का तिकडं विकू?"

मी गेले. गर्दी एवढी होती की कोणाचं माझ्याकडे लक्ष जाणार नाही असं वाटलं. पण नारळवाल्या मामांनी बघितलंच. "अरे वा, डॉक्टर! लय दिवसांनी. मग, कधी निघायचं कॉलेजला?"

मी झेंडूच्या ढिगात हात घातला होता. तो तिथेच राहिला. नाना एका गिऱ्हाइकाला फुलं तोलून देत होते. त्यांनी तराजू खाली ठेवला.

"नाय जायची," ते म्हणाले. आवाज मोठा होता, आजूबाजूच्या चार-पाच दुकानांत ऐकू जाईल इतका. "नंबर लागला नाय. पोरीनं मला आधीच सांगितलं होतं की भरवसा नाय म्हणून. मीच बोंबलत सुटलो. तिला काय बोलू नका आता. बोलायचं तर मला बोला."

मामा गडबडले. "अरे, मी आपलं सहज..."

"सहजच. पण आता डॉक्टर म्हणू नका तिला."

त्यांनी परत तराजू उचलला. गिऱ्हाइकाला वजन दाखवताना त्यांनी काट्याकडे बघितलंच नाही. त्यांची मान खाली होती आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तोवर मी समजत होते की लाज फक्त मला वाटतेय. नाना रोज पहाटे सायकल काढून ज्या बाजारात येत होते, त्याच बाजारात त्यांनी पेढे वाटले होते. मी तर वाफ्यांच्या आड लपू शकत होते.

मला रडू आलं नाही. मी फुलं मोजून द्यायला लागले. दुपारी चहावाल्यानं न मागता दोन चहा आणून ठेवले आणि पैसे घ्यायला थांबला नाही.

बीएस्सीचे प्रवेश तोपर्यंत बंद झाले होते. मी नानांना न घेता केमिस्ट्रीच्या बाईंकडे गेले. त्यांनी 'तरी मी सांगितलं होतं' असं म्हणावं म्हणून मी तयारी करून गेले होते. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. मला ऑफिसच्या खिडकीपाशी घेऊन गेल्या आणि क्लार्कला म्हणाल्या, "मेडिकल-इंजिनियरिंगला गेलेल्या मुलांच्या जागा सुटल्या असतील. बघा." सुटल्या होत्या. माझ्याच बारावीच्या वर्गातली एक मुलगी मेडिकलला गेली होती, तिच्या जागेवर मी आले. पहिल्या हजेरीला सरांनी चुकून तिचंच नाव वाचलं. अख्खा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी "हजर" म्हटलं, आणि वर्गात हशा झाला. तीन वर्षं तशीच, मान जरा खाली घालून काढली. मायक्रोबायॉलॉजी आवडायला लागली ती मात्र मनापासून. दह्यातला एक थेंब काचेवर घेऊन बघितला त्या दिवशी मी आईला ते सांगत बसले होते आणि आई दह्याकडे संशयानं बघत होती.

एमएस्सीसाठी पुण्याला अर्ज केला तेव्हा नवं शतक लागलं होतं. यादी विभागाच्या बोर्डावर लागणार होती. एसटीनं मी एकटीच गेले. यादीत माझा नंबर बराच वर होता. मी नावाखाली बोट ठेवून ओळ दोनदा तपासली. मग बाहेरच्या एसटीडी बूथवरून काकूंच्या घरी फोन लावला. काकूंनी हाक मारून नानांना बोलावलं. ते यायला वेळ लागला. मीटर पळत होता.

"नाना, मिळालं."

"बरं," ते म्हणाले. "नक्की ना?"

"नक्की. बोर्डावर आहे. मी वाचलं."

"बरं. जेवलीस का?"

"नाही अजून."

"जेवून घे. आणि दिवस मावळायच्या आत निघ तिकडून."

त्यांनी बाजारात कोणाला सांगितलं नाही. देवळ्याच्या आत्यालाही नाही. माझी ट्रंक रिक्षात चढली त्या दिवशी मामांना कळलं, आणि त्यांनी नानांना चार शिव्या दिल्या म्हणे, की एवढी गोष्ट लपवून ठेवलीस. नाना म्हणाले होते, "आधी जाऊ तर दे तिला." हे मला आईनं पत्रात लिहून कळवलं. होस्टेलच्या पायरीवर बसून मी ते वाचलं. त्यांनी एकदा तरी मोठ्यानं सांगावं असं मला फार वाटत होतं. पण त्यांच्या मोठ्यानं सांगण्याचीच मला लाज वाटली होती, आता तेच करा म्हणायला मला तोंड नव्हतं. उत्तरात मी मेसच्या जेवणाविषयी लिहिलं, आणि पुण्यात निशिगंध किती महाग आहे ते लिहिलं.